आमच्या वर्गाचा रेडिओ

शनिवारची संध्याकाळ आहे. सातला पाच मिनिटं कमी आहेत. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या चौथीच्या वर्गात सतरंजीवर आठ-दहा मुलं चिडीचूप बसली आहेत. (चौथीची मुलं चिडीचूप! म्हणजे काहीतरी विशेष असणारच, नाही का?) टेबलावर एक जुना लॅपटॉप आहे. त्याला एक माइक जोडलेला आहे. आवाज घुमू नये म्हणून खिडकीला कुणाच्या तरी घरून आणलेली गोधडी टांगली आहे. नऊ नंबरची मुलगी माइकसमोर बसते, घसा खाकरते आणि म्हणते, "नमस्कार! आम्ही चौथीच्या वर्गातून बोलतोय. आधी हजेरी होईल. हजेरी क्रमांक एक!"

इथं ती थांबते. मनात दोन अंक मोजते. मग म्हणते, "हजेरी क्रमांक दोन!"

आता तुम्ही म्हणाल, "बाई, शनिवारी संध्याकाळी कुठली आलीय हजेरी? आणि आठ-दहा मुलांची हजेरी घ्यायला माइक कशाला हवा?"

सांगते. तीच तर गोष्ट सांगायला बसले आहे.

रिकामे पाट

माझी शाळा बीड जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात आहे. आमच्या भागातली बरीच माणसं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते. भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि लेकरं असा सगळा संसार गाडीत चढतो आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, कुणी पार कर्नाटकात जातं. तिथं उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या घालून चार-पाच महिने राहायचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचं.

काही मुलं आजीजवळ गावात राहतात, काही हंगामी वसतिगृहात राहतात. पण घरी सांभाळायला कुणी नसलं की लेकरू आईबापाबरोबर जातं. त्या वर्षी माझ्या पटावर २९ मुलं होती. दिवाळीची सुट्टी संपली आणि वर्गात आली १६. तेरा पाट रिकामे!

जाताना आम्ही मुलांच्या हातात शिक्षण हमी कार्ड देतो. ते दाखवलं की तिथल्या जवळच्या शाळेत बसता येतं. पण शाळा लांब असते, मूल नवं असतं, धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. मग शाळा राहून जाते. मार्च-एप्रिलमध्ये मूल परत येतं, तेव्हा भागाकार विसरलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे ते शेवटच्या रांगेत बसतं आणि गप्प राहतं. आपण या वर्गातले नाहीच, असं त्याला वाटायला लागतं.

हजेरी घेताना मी तेरा नंबरांपुढे रोज 'गैरहजर' लिहीत होते. एक दिवस नऊ नंबरच्या मुलीनं विचारलं, "बाई, चौदा नंबर गैरहजर नाही ना. तो हाय की तिकडं. त्याला आपला आवाजच जात न्हाई."

मी पेन खाली ठेवलं. खरंच, आवाज गेला तर?

फोन का नाही? खरा रेडिओ का नाही?

तुमच्या मनात आलेला पहिला विचार माझ्याही मनात आला. सरळ फोन करावा! पण तेरा मुलं तेरा ठिकाणी पांगलेली. एकेकाला फोन करायचा तर रात्र सरायची.

मग वाटलं, खरंखुरं रेडिओ केंद्रच काढावं. पण हवेतून लहरी सोडणारं केंद्र काढायचं तर सरकारचा परवाना लागतो, मोठा मनोरा लागतो. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' नावाचं असं एक सामुदायिक केंद्र आहे. अशी केंद्रं फार चांगलं काम करतात. पण त्यांचा आवाज आसपासच्या गावांपुरता पोहोचतो, आणि आमची मुलं होती दोनशे-तीनशे किलोमीटर लांब.

उरला तिसरा रस्ता, इंटरनेट! बहुतेक टोळ्यांत एखाद-दुसरा तरी स्मार्टफोन असतो. त्या फोनवर आमचा आवाज नेता आला तर काम झालं. आमच्याच शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा तेव्हा अभियांत्रिकीला होता. त्याला विचारलं. तो हसून म्हणाला, "बाई, एवढंच ना? स्ट्रीमिंग करू या!"

विहीर, टाकी आणि नळ

स्ट्रीम म्हणजे ओढा. ओढ्याचं सगळं पाणी घरी येईपर्यंत आपण प्यायचं थांबतो का? नाही. येईल तसं ओंजळीत घेतो. स्ट्रीमिंगचंही तसंच आहे. आवाजाची पूर्ण फाइल उतरायची वाट पाहायची नाही. आवाजाचे बारीक बारीक तुकडे येत राहतात आणि फोन ते येतील तसे वाजवत राहतो.

आता आपल्या गावची नळयोजना डोळ्यांसमोर आणा. विहीर असते, टाकी असते आणि घरोघरी नळ असतात. इंटरनेट रेडिओचेही असेच तीन भाग.

पहिला भाग विहीर, म्हणजे आमचा लॅपटॉप. त्यावर 'बट' नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं. माइकमधून आलेला आवाज ते आकड्यांत बदलतं, दाबून लहान करतं आणि पुढं पाठवतं. गाणी आणि बोलणं एकत्र करायचं असेल तर 'मिक्स' नावाचं सॉफ्टवेअरही मिळतं, तेही फुकट.

दुसरा भाग टाकी. तिला म्हणतात सर्व्हर. हा एक संगणकच, पण कायम चालू असणारा आणि वेगवान इंटरनेटला जोडलेला. आम्ही तो दरमहा भाड्यानं घेतो. आम्ही दोन शिक्षक मिळून वर्गणी काढतो. त्याच्यावर 'आइसकास्ट' नावाचं सॉफ्टवेअर बसवलं आहे. ते आमचा आवाज घेतं आणि जो मागेल त्याला देतं.

तिसरा भाग नळ, म्हणजे ऐकणाऱ्याचा फोन. आम्ही एक पत्ता पाठवतो. त्या पत्त्यावर बोट ठेवलं की आवाज सुरू. वेगळं काही बसवायला नको.

पण मधे टाकी कशाला हवी? विहिरीवरून थेट घरोघरी पाणी नेलं तर? चला, गणित करू. आमचा आवाज सेकंदाला ३२ किलोबिट इतका असतो. बिट म्हणजे संगणकाच्या भाषेतलं सगळ्यांत लहान अक्षर, शून्य किंवा एक. समजा ४० फोन ऐकत आहेत. आकाशवाणीची एकच लहर हवेतून सगळ्यांकडे जाते. ऐकणारे दहा असोत की दहा लाख, लहर तीच! इंटरनेटवर मात्र प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवावी लागते. ३२ गुणिले ४० म्हणजे १,२८० किलोबिट, दर सेकंदाला. आमच्या गावात मोबाइलची रेंज मिळते ती शाळेच्या ओट्यावर, तीही मर्जी असेल तेव्हा. तिला हे ओझं कसं झेपणार? म्हणून आम्ही टाकीकडे एकच धार सोडतो, फक्त ३२ किलोबिटची. चाळीस प्रती काढायचं काम टाकीचं!

डास आणि ढोल

हा ३२ चा आकडा कुठून आला? तोही पाहू या.

सीडीवर आवाज साठवताना सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतात. प्रत्येक माप १६ बिटचं असतं. डावा आणि उजवा असे दोन कान असल्यामुळे त्याची दुप्पट. करा गुणाकार: ४४,१०० × १६ × २. उत्तर येतं १४,११,२०० बिट, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट! वीस मिनिटांच्या कार्यक्रमाला दोनशे एमबीहून जास्त डेटा लागेल. उसाच्या फडात कोणती आई एवढा डेटा खर्च करील?

म्हणून आवाज दाबायचा. कसा दाबायचा? दारात ढोल वाजत असताना कानाशी डास गुणगुणला तर तो ऐकू येतो का? येत नाही. मग जो ऐकूच येत नाही त्या डासाला कशाला पाठवायचं? एमपी३ नावाची पद्धत नेमकं हेच करते. माणसाच्या कानाला जे जाणवणार नाही ते ती गाळून टाकते. जर्मनीतल्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या शोधात मोठा वाटा आहे. आवाज गाळताना बिघडत तर नाही ना, हे तपासायला ब्रांडेनबुर्ग सुझान व्हेगा या गायिकेचं, वाद्यांशिवाय गायलेलं एक गाणं पुन्हा पुन्हा ऐकत असत. वाद्यांचा गोंगाट नसला की आवाजातली बारीकशी चूकही लगेच कळते ना!

आम्हांला नुसतं बोलायचं होतं. म्हणून दोन कानांऐवजी एकच ठेवला, मापं निम्मी केली आणि ३२ किलोबिटवर आलो. आठ बिटांचा एक बाइट. ३२ भागिले ८ म्हणजे सेकंदाला ४ किलोबाइट. मिनिटाला २४०. वीस मिनिटांना ४,८००, म्हणजे पाच एमबीसुद्धा नाही! हे गणित मी फळ्यावर केलं, तेव्हा शेवटच्या रांगेतला एक मुलगा ओरडला, "बाई, मंग आईला परवडतंय!"

गुणाकार-भागाकाराचं इतकं चांगलं उदाहरण मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलं नव्हतं.

पहिला कार्यक्रम फसला

पहिला कार्यक्रम ठरला. आठवडाभर तयारी झाली. गावातली बातमी, पाढे, एक गोष्ट आणि एका आजीच्या जात्यावरच्या ओव्या. नऊ नंबरची मुलगी निवेदिका झाली. वीस मिनिटं मुलं इतकी सुंदर बोलली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संपल्यावर टाळ्या झाल्या.

मग फोन आला. "बाई, कवा चालू होणारंय? आम्ही समदे बसून राहिलोय. काय बी ऐकू येईना!"

झालं होतं असं, की माइक लावला होता खरा, पण सॉफ्टवेअरमध्ये आवाज कुठून घ्यायचा ते मी निवडलंच नव्हतं. वीस मिनिटं आम्ही शांतता प्रसारित केली! पडद्यावर आवाजाची एक पट्टी असते. बोललं की ती हलते. हिरवी असेल तर ठीक, पिवळी म्हणजे जरा जपून, लाल म्हणजे आवाज फाटणार. ती पट्टी वीस मिनिटं जागची हलली नव्हती आणि मी कौतुकानं मुलांकडे बघत बसले होते.

निवेदिका रडवेली झाली. मी मुलांना सांगितलं, "चूक तुमची नाही, माझी आहे." तेव्हापासून एक मुलगा फक्त त्या पट्टीवर लक्ष ठेवतो. त्याला आम्ही 'पट्टीप्रमुख' म्हणतो. पट्टी झोपली की तो हात वर करतो. हे काम तो इतक्या निष्ठेनं करतो, की एकदा मांजर वर्गात शिरलं तरी त्यानं मान वळवली नाही.

दुसऱ्या शनिवारी पट्टी नाचली. सर्व्हरवर एक आकडा दिसतो, किती फोन ऐकत आहेत त्याचा. आधी १ दिसला. तो आमचाच होता, तपासण्यासाठी लावलेला. मग २. मग ४. कार्यक्रम संपेपर्यंत ६ झाले. वर्गात कुणी बोललं नाही, पण सगळी मुलं त्या सहाकडे बघत होती.

हजेरी

हजेरीची कल्पनाही निवेदिकेचीच. ती म्हणाली, "बाई, शाळा हजेरीनं सुरू होती. मंग रेडिओ पण हजेरीनं सुरू करू."

मी म्हटलं, "करू. पण नावं घ्यायची नाहीत." हा पत्ता कुणाच्याही हाती लागू शकतो. कोणतं मूल कुठं आहे, हे अनोळखी माणसाला कळता कामा नये. म्हणून आम्ही फक्त क्रमांक घेतो. गावाचं नाव घेत नाही, फडाचं नाव घेत नाही. ज्याचा क्रमांक आहे त्याला तो बरोबर कळतो. बाकीच्यांना तो नुसता आकडा!

एका शनिवारी चौदा नंबरच्या आईचा फोन आला. कार्यक्रम सुरू व्हायचा होता. ती म्हणाली, "बाई, ह्यो रोज तुमच्या रेडिओशी बोलतोय. त्याला वाटतंय तुम्हांला ऐकू जातंय." त्या दिवशी त्यांच्या कोपीत दोन फोन होते. एकावर रेडिओ लावला होता आणि दुसऱ्या, मुकादमाच्या फोनवर आई माझ्याशी बोलत होती. मी म्हटलं, "ताई, फोन बंद करू नका. तसाच धरून ठेवा."

माझा फोन मी टेबलावर ठेवला. हजेरी सुरू झाली. अकरा, बारा, तेरा. निवेदिका म्हणाली, "हजेरी क्रमांक चौदा!"

फोनवर शांतता.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मुलांचे चेहरे पडले. ती पुढं म्हणाली, "हजेरी क्रमांक पंधरा... सोळा..." आणि सतरा म्हणते न म्हणते तोच फोनमधून जोरात आवाज आला, "हजर, बाई!"

सगळा वर्ग हसला आणि एकदम टाळ्या वाजल्या. कार्यक्रम तिथंच दोन मिनिटं विस्कटला. विस्कटू दे!

अठरा सेकंद कुठं गेले?

पण सोमवारी वर्गात प्रश्न उभा राहिला. चौदा नंबरला उत्तर द्यायला इतका वेळ का लागला? तो विचार करत होता का? पट्टीप्रमुखानं दोन शनिवार घड्याळ लावून मोजलं. सुमारे १८ सेकंद!

कारण शोधलं, तर तेही टाकीतच सापडलं. नवा फोन जोडला गेला की आइसकास्ट त्याला ताज्या आवाजाआधी मागचा थोडा साठा एकदम देतं, म्हणजे आवाज लगेच सुरू होतो आणि मधे रेंज गेली तरी साठ्यावर काम चालतं. आपण घरात भरून ठेवतो त्या रांजणासारखं! हा साठा साधारण ६४ किलोबाइटचा असतो. आमचा आवाज सेकंदाला ४ किलोबाइट. ६४ भागिले ४ किती? १६! म्हणजे ऐकणारा कमीत कमी सोळा सेकंद मागं असतो. उरलेले एक-दोन सेकंद लॅपटॉप आणि वाटेतले.

"म्हणजे बाई, आपण बोलतो ते त्याच्यासाठी अजून व्हायचंच आहे!" निवेदिका म्हणाली. मला हे इतकं नीट सांगता आलं नसतं.

आता आम्ही हजेरी संपल्यावर लगेच पुढचा कार्यक्रम सुरू करत नाही. आधी अठरा सेकंद गप्प बसतो. तेवढ्या वेळात सगळ्या कोप्यांमधून 'हजर' म्हणून झालेलं असतं. ऐकू येत नाही, पण ठाऊक असतं.

थोडा इतिहास

आवाज दूर पाठवण्याची धडपड आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १९२३ साली रेडिओ क्लबनं हौशीनं कार्यक्रम सुरू केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं.

आणि १९४२ चं एक केंद्र तर विसरूच नका. 'छोडो भारत' चळवळीत पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं होतं, वर्तमानपत्रांवर बंधनं होती. तेव्हा ऑगस्ट महिन्यात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. उषाताई तेव्हा अवघ्या २२ वर्षांच्या होत्या. ४२.३४ मीटरवर त्यांचा आवाज येई. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून सगळी यंत्रं या जागेतून त्या जागेत हलवावी लागत. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी त्यांना पकडलं आणि त्यांना १९४६ पर्यंत तुरुंगात राहावं लागलं. आज आपण माइक जोडतो आणि बोलतो. त्याच बोलण्यासाठी कुणी तुरुंगवास भोगला होता, हे माइकसमोर बसताना आठवावं.

इंटरनेटवरचा रेडिओ त्या मानानं अगदी अलीकडचा. १९९३ मध्ये अमेरिकेत कार्ल मालामुड यांनी 'इंटरनेट टॉक रेडिओ' सुरू केला. तेव्हा बहुतेकांना आधी पूर्ण फाइल उतरवावी लागे आणि मगच ऐकता येई. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपेल हिल इथलं 'डब्ल्यूएक्सवायसी' हे केंद्र आपला चालू कार्यक्रम इंटरनेटवरही ऐकवू लागलं. गंमत म्हणजे ते विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं केंद्र होतं! पुढं १९९९ च्या सुमारास 'शाउटकास्ट' आणि 'आइसकास्ट' ही सॉफ्टवेअरं आली आणि साध्या संगणकावरून कुणालाही केंद्र चालवता येऊ लागलं.

इंटरनेटशिवाय खेळा स्ट्रीमिंग

आता एक खेळ. याला ना फोन लागतो, ना लॅपटॉप.

दहा जणांनी एका रांगेत बसा. एका गोष्टीतली वीस-पंचवीस वाक्यं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा. चिठ्ठ्यांना क्रमांक द्या. पहिल्यानं एकेक चिठ्ठी पुढं सरकवायची. शेवटच्यानं चिठ्ठी मिळाली की मोठ्यानं वाचायची. मधल्यांपैकी कुणीतरी मुद्दाम पाच अंक मोजेपर्यंत चिठ्ठी अडवून धरायची. काय होईल? गोष्ट मधेच तुटेल.

आता दुसऱ्यांदा खेळा. या वेळी शेवटच्यानं आधी पाच चिठ्ठ्या मांडीवर जमवायच्या आणि मग सावकाश वाचायला लागायचं. मधे कुणी अडवलं तरी मांडीवरच्या चिठ्ठ्या संपेपर्यंत गोष्ट चालू राहील! फक्त सुरुवात थोडी उशिरा होईल. हाच आमचा अठरा सेकंदांचा रांजण.

केंद्र काढायचं असेल तर

कुणाला आपल्या वर्गाचा रेडिओ काढावासा वाटला, तर आम्ही ठेच लागून शिकलेल्या गोष्टी सांगते.

एक, किल्ली बदला. आइसकास्ट बसवल्यावर त्याचा जो मूळचा पासवर्ड असतो त्याचा इंग्रजीत अर्थ होतो, 'मला फोडा'! बनवणाऱ्यांनी जणू चिमटाच काढला आहे, की बाबांनो, हा बदला. तो बदलला नाही तर तुमच्या केंद्रावरून भलताच कुणी बोलू लागेल. आणि ही किल्ली मोठ्यांच्याच हाती असू द्या.

दोन, सिनेमातली गाणी वाजवू नका. गाणं कुणाच्या तरी मालकीचं असतं, ते वाजवायला परवानगी लागते. तुमच्या आजीला विचारा. तिच्याजवळ जे आहे ते कुठल्याच केंद्रावर नाही.

तीन, बोलताना लॅपटॉपचा स्पीकर बंद ठेवा. नाहीतर आपलाच आवाज अठरा सेकंदांनी परत येऊन माइकमध्ये शिरतो आणि नुसता गोंधळ उडतो.

चार, लॅपटॉप आधीच चार्ज करून ठेवा. वीज नेमकी सातलाच जाते!

आईबाबांसाठी दोन शब्द

आईबाबा, आमच्या रेडिओनं सगळे प्रश्न सुटले असं मी म्हणणार नाही. काही शनिवारी आकडा १ वरच राहतो, म्हणजे फक्त आमचाच फोन. कुठं रेंज नसते, कुठं मोळ्या भरायला ट्रॅक्टर आलेला असतो आणि लेकरू बैलांजवळ बसलेलं असतं. अशा वेळी आम्ही ध्वनिमुद्रण फोनवर पाठवून ठेवतो. रेडिओ म्हणजे शाळा नव्हे. मुलाची खरी जागा वर्गातच. पण त्या वर्षी परत आलेली मुलं शेवटच्या रांगेत जाऊन बसली नाहीत. गावात कोणाची म्हैस व्याली, कोणत्या पाढ्यावर गाडी अडली, मांजर वर्गात कधी शिरलं, हे त्यांना सगळं ठाऊक होतं. भागाकार पुन्हा शिकवावा लागला. तो शिकवता येतो.

एप्रिल महिन्यात चौदा नंबर वर्गात आला. उन्हानं रापलेला, थोडा उंच झालेला. मी हजेरी घ्यायला लागले. "चौदा!" म्हटलं, आणि तो नुसता हसत उभा. काही बोलेचना. मला वाटलं, लाजला असेल. मी पुन्हा म्हटलं, "चौदा!"

पट्टीप्रमुख घड्याळाकडे बघत होता. मग सगळा वर्ग बोटांवर मोजू लागला. पंधरा, सोळा, सतरा, अठरा...

"हजर, बाई!"

तर बालमित्रांनो, तुमच्याही वर्गात एखादा पाट रिकामा असेल. कुणी आजारी असेल, कुणी दूर गेलं असेल. रेडिओच काढायला हवा असं नाही. पण त्याचा क्रमांक आला की जरा थांबा. त्याच्यापर्यंत आपला आवाज कसा जाईल, याचा विचार करा. आणि तुम्हांला काय सुचलं ते तुमच्या बाईंना, गुरुजींना नक्की सांगा हं!